तुडतुड्यांवर बुरशी: धान उत्पादकांनी काय करावं, काय टाळावं

भंडारा जिल्ह्यात सप्टेंबर अर्धा सरला की धान गच्च झालेला असतो. रोवणीला दीड-दोन महिने होऊन गेलेले, चूड फुटून एकमेकांना भिडलेले, खाली बांधीत पाणी, वर ढग, आणि मधल्या जागेत वारा शिरत नाही. तपकिरी तुडतुड्यांना हीच जागा हवी असते. त्यांना मारणाऱ्या बुरशीलाही अगदी हीच जागा हवी असते. या दुसऱ्या गोष्टीचा फायदा मात्र आपण फारसा घेत नाही.

मेटारायझियम, बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम ही नावं आता गावातल्या कृषी केंद्रात नवी राहिलेली नाहीत. कुणाला एखाद्या योजनेत पाकीट मिळालेलं असतं, कुणी दुकानदाराच्या सांगण्यावरून आणलेलं असतं. वापरून झाल्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं एकच असतं: काही फरक पडला नाही. कसं मारलं म्हणून विचारत गेलं की उलगडा होतो. फवारणी दुपारी बाराला झालेली असते, तीही करप्याच्या औषधासोबत एकाच पंपात. म्हणजे किडीपर्यंत पोचण्याआधी बुरशी पंपातच मेलेली. माझं मत असं झालं आहे की दहापैकी बहुतेक वेळा दोष वापरण्याच्या पद्धतीत असतो, काही वेळा पाकिटात असतो, आणि बुरशीत क्वचितच.

ही बुरशी किडीला मारते तरी कशी, हे नीट समजलं तर पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. पाकिटातल्या पावडरीत बुरशीचे बीजाणू असतात, झोपलेले पण जिवंत. फवाऱ्यातून ते किडीच्या अंगावर पडतात आणि चिकटतात. आजूबाजूला भरपूर ओलावा असेल तर बारा ते चोवीस तासांत बीजाणूला अंकुर फुटतो. तो अंकुर किडीच्या कातडीवर दाब देतो, सोबत कातडी विरघळवणारी विकरं सोडतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर बुरशी किडीच्या रक्तात वाढते, तिथलं अन्न खाते, विषारी द्रव्यं सोडते. कीड आधी सुस्तावते, खाणं कमी करते आणि चार ते दहा दिवसांत मरते. हवा दमट असेल तर मेलेल्या किडीच्या अंगावर बुरशी बाहेर येते. बिव्हेरिया पांढरी दिसते, मेटारायझियम आधी पांढरी आणि मग गर्द हिरवी. त्या मेलेल्या किडीवरून नवे बीजाणू शेजारच्या किडींवर जातात.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, किडीनं बुरशी खावी लागत नाही. ती नुसती अंगाला लागली तरी पुरे. म्हणून खोडात सोंड खुपसून रस पिणाऱ्या तुडतुड्यांवर, माव्यावर, पांढऱ्या माशीवर ती चालते. अळ्यांवरचे विषाणू किंवा बीटी यांचा अशा रसशोषकांवर उपयोग होत नाही, कारण ते पोटातूनच काम करतात. दुसरी गोष्ट, अंकुर फुटायचे ते बारा-चोवीस तास हाच सगळा खेळ आहे. तेवढा वेळ ओल मिळाली, ऊन लागलं नाही आणि जवळपास बुरशीनाशक नसलं, तर काम होतं. यातलं एक चुकलं की पैसे पाण्यात.

ऊन किती वाईट? उघड्या पानावरचे बीजाणू कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी काही तासांतच निकामी होतात. तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असलं की बुरशी जोमानं वाढते. ३५ च्या वर तिची वाढ मंदावते किंवा थांबते. खरिपातल्या दाट धानाच्या बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटं, या सगळ्या अटी आपसूक पुऱ्या होतात. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मामा (माजी मालगुजारी) तलावांची साखळी आणि वैनगंगेचं खोरं लाभलेल्या या जिल्ह्याला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू कपाशीत हीच बुरशी मारणाऱ्याला इतकी अनुकूल हवा क्वचित मिळते.

कोणत्या किडीवर, कोणत्या किडीवर नाही

तुडतुड्यांवर मेटारायझियम घ्यावी. देशात धानावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी तिची १.१५ टक्के पावडर नोंदणीकृत आहे. मात्रा हेक्टरी अडीच किलो, ५०० लिटर पाण्यातून. एकराला हिशोब केला तर एक किलो पावडर आणि २०० लिटर पाणी, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम टाकली तर एकराला तेरा पंप लागतात. इथंच बहुतेकांची गाडी अडते. सहा-सात पंपांत एकर उरकायची सवय असते आणि तेवढ्या पाण्यात फवारा वरच्या पानांवरच थांबतो. तुडतुडा वर नसतोच. तो बुडाशी बसलेला असतो आणि हलवल्याशिवाय दिसतही नाही.

पानं गुंडाळणाऱ्या अळीवर बिव्हेरिया चालते. तिचीही १.१५ टक्के पावडर या अळीसाठी याच मात्रेत, हेक्टरी अडीच किलो, नोंदलेली आहे. फक्त अळी लहान असताना मारावी. पान पूर्ण गुंडाळून ती आत बसली की फवारा तिला लागत नाही. लष्करी अळी ऑक्टोबरमध्ये धान पिकत आला की लोंब्या कुरतडते. दिवसा ती बुडाशी, ढेकळांच्या आड, भेगांत लपते आणि सांजावल्यावर वर चढते. कापणी तोंडावर असताना तिच्यावर जहाल रसायन मारणं म्हणजे तांदळात विषाचा अंश नेणं. अशा वेळी संध्याकाळी बुडाशी बिव्हेरिया किंवा मेटारायझियम मारणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मात्र बांधीतलं पाणी तोडून माती कोरडी पडली असेल तर फार अपेक्षा ठेवू नका.

आता जिथं बुरशी चालत नाही ते स्पष्ट सांगायला हवं, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. गादमाशीची अळी पोंग्याच्या आत असते. चंदेरी पोंगे दिसायला लागले की बाहेरून बुरशी मारून काहीच हाती लागत नाही. खोडकिड्याचं तसंच. अळी अंड्यातून निघून खोडात शिरेपर्यंतचा थोडा काळ सोडला तर ती फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर असते. गाभेमर झालेले फुटवे आणि पांढऱ्या लोंब्या दिसल्यावर बिव्हेरिया मारणं हा निव्वळ खर्च आहे. खोडकिड्यासाठी कामगंध सापळे आणि ट्रायकोग्रामाची कार्डं हा मार्ग बरा. कार्ड मागताना नाव पूर्ण घ्या. ट्रायकोग्रामा ही किडीच्या अंड्यांत स्वतःची अंडी घालून ती नष्ट करणारी गांधीलमाशीच्या जातीची चिमुकली माशी आहे, आणि ट्रायकोडर्मा ही पिकाच्या रोगांवरची बुरशी. नुसतं ‘ट्रायको द्या’ म्हणून खोडकिड्यासाठी ट्रायकोडर्मा घरी आणणारे लोक आहेत.

धानाबाहेर थोडक्यात: पवनी-लाखांदूरच्या चौरास भागात वांगी, भेंडी, मिरची घेणाऱ्यांनी मावा, पांढरी माशी, तुडतुडे यांच्यासाठी व्हर्टिसिलियम (हल्ली पाकिटावर लेकॅनीसिलियम असंही नाव असतं) वापरावी आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसेल असं पाहावं. वांग्यातल्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीवर तिचा उपयोग नाही, कारण अळी आत असते. उसात हुमणी असेल तर मेटारायझियम शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, पहिल्या पावसानंतर जमिनीत द्यावी. धुऱ्यावरच्या तुरीत शेंगा पोखरणारी हिरवी अळी आली तर बिव्हेरियापेक्षा एचएएनपीव्ही हा विषाणू मला भरवशाचा वाटतो, कारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रींत बुरशीला वेळ लागतो.

उन्हाळी धानाला या सगळ्यातून वगळा. मार्चच्या मध्यानंतर इथली हवा कोरडी होते, एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ च्या पुढे जातो. बांधीत पाणी असलं तरी बुरशीला ती हवा मानवत नाही.

किती तुडतुडे दिसल्यावर?

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा बांधीत उतरा. धुऱ्यावरून पाहून काही कळत नाही. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपे चाला, वाटेतले वीस चूड निवडा, प्रत्येक चूड वाकवून तळहातानं हलके झटका आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे मोजा. चुडाला सरासरी दहा तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. रसायन मारायचं तर याच्या आधी मारू नये असा नियम आहे. बुरशीसाठी मात्र मी थोडं आधी, चुडाला चार-पाच दिसायला लागले की, फवारा असं सांगेन. कारण उघड आहे: तिला आठवडा लागतो आणि तेवढ्या काळात तुडतुड्यांची पिल्लं वाढत असतात.

मोजताना कोळी आणि मिरीड ढेकूण दिसले तर तेही मनात धरा. हिरवट रंगाचा, लांबुळका, चपळ मिरीड ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोषून खातो. दोघं भरपूर असतील तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. तुडतुड्यांचा उद्रेक अनेकदा आपणच ओढवून घेतो. ऑगस्टमध्ये पानं गुंडाळणाऱ्या अळीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं की अळी मरते, पण कोळी आणि मिरीडही मरतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी तुडतुडे मोकाट सुटतात. त्यावर युरियाचा जादा हात म्हणजे मऊ, रसाळ खोडांची मेजवानीच. बुरशी या मित्रकिडींना रसायनाच्या मानानं फारसा त्रास देत नाही, हा तिचा खरा मोठा फायदा आहे.

आणि उशीर झाला असेल तर? बांधीत गोल गोल वाळलेले खळे दिसायला लागले, चुडाला पंचवीस-तीस तुडतुडे निघाले, तर बुरशीच्या भरवशावर बसू नका. तेव्हा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं तुडतुड्यांवरचं कीटकनाशक घ्या, खळ्यांवर आणि त्यांच्या भोवतीच्या पट्ट्यावर बुडाशी मारा, आणि पायरेथ्रॉइड गट टाळा. सेंद्रियच्या हट्टापायी उभं पीक घालवण्यात काही अर्थ नाही.

फवारणीचा दिवस

सकाळी बांधीतलं पाणी काढून द्या, पण बांधी कोरडी पडू देऊ नका. चिखल ओला राहिला पाहिजे. पाणी उतरल्यानं खोडाचा खालचा भाग उघडा पडतो आणि चिखलातून उठणारी ओल रात्रभर चुडांत टिकते. तीन-चार दिवसांनी पाणी पुन्हा घ्या. नुसत्या या पाणी काढण्यानंही तुडतुडे थोडे कमी होतात.

दुपारी चारच्या सुमाराला एकराची पावडर दहा-बारा लिटर पाण्यात कालवा आणि अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, म्हणजे बीजाणू पाणी पितात. मग सुती कपड्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. पाणी विहिरीचं किंवा तलावाचं चालेल. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी नको. चिकटण्यासाठी स्टिकर घालायचा तर साधा, बुरशीला न मारणारा घ्या. कपडे धुण्याची पावडर घालू नका. पातळ द्रवरूप उत्पादन असेल तर बाटली खूप हलवा, कारण बीजाणू तळाला बसलेले असतात.

पंप हा वेगळा विषय आहे. ज्या पंपानं तणनाशक किंवा करप्याचं औषध मारलं तो धुवूनही पूर्ण स्वच्छ होत नाही. नळी, गाळणी आणि नोझलमध्ये अंश राहतो. जैविक औषधासाठी एक जुना पंप वेगळा ठेवता आला तर उत्तम. नसेल तर साबणाच्या पाण्यानं आणि मग दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन, नळी काढून, नोझल उघडून साफ करा.

सूर्य कलल्यावर, पाचच्या पुढं फवारणी सुरू करा. धान दाटलेला असेल तर एकानं काठीनं किंवा दोरीनं चूड बाजूला सारत पुढं चालायचं आणि दुसऱ्यानं नोझल खाली, कमरेखाली धरून बुडाशी फवारायचं. रोवणीच्या वेळी दर काही ओळींनंतर पट्टा सोडला असेल तर या वेळी त्याचं महत्त्व कळतं. ज्यांनी सोडला नाही त्यांनी पुढच्या वर्षी तरी सोडावा; हवा खेळती राहून तुडतुडे कमी होतात आणि फवारणाऱ्याला चालायला जागा मिळते. संध्याकाळी पाऊस येण्याची चिन्हं असतील तर एक दिवस थांबा. रिमझिम चालते, पण फवारणीनंतर दोन-तीन तासांत जोरदार सर आली तर बीजाणू धुऊन जातात. कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

आता वाट पाहा. पहिले तीन दिवस काहीच दिसणार नाही आणि शेजारी हसेल. पाचव्या-सहाव्या दिवशी बुडाशी न हलणारे तुडतुडे दिसतात, हवा दमट असली की त्यांच्या अंगावर हिरवट बुरा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मोजा आणि आकडा चारच्या वर असेल तर दुसरी फवारणी करा. एकाच फवारणीत सगळं आटोपेल अशी अपेक्षा ठेवू नका.

सर्वांत मोठी अडचण: करप्याचं औषध

आपल्याकडे सप्टेंबरात तुडतुडे आणि करपा एकत्रच येतात. ढगाळ हवा दोघांनाही आवडते. करप्यावरची आणि कडा करप्यावरची बुरशीनाशकं, मग ती कार्बेन्डाझिम असोत, टेब्युकोनाझोल असोत, मॅन्कोझेब असो वा तांब्याची असोत, किडीवरची बुरशी आणि रोगाची बुरशी यांत भेद करत नाहीत. म्हणून दोन्ही एकाच पंपात कधीच नको, आणि एकाच आठवड्यातही नको.

क्रम असा लावा. पानांवर करप्याचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसत असतील आणि तुडतुडे अजून चुडाला दोन-तीनच असतील, तर आधी करप्याचं औषध मारा आणि किमान आठ ते दहा दिवसांनी मेटारायझियम. उलट, करपा नाही पण तुडतुडे वाढत आहेत, तर आधी बुरशी मारा आणि पुढचे आठ-दहा दिवस बुरशीनाशकाला हात लावू नका. दोन्ही एकाच वेळी जोरात असतील तर त्या हंगामापुरती बुरशी विसरा. वाण निवडताना करप्याला सहनशील वाण घेतला आणि पऱ्ह्यांपासून नत्राचा हात आवरला तर ही ओढाताण बरीच कमी होते. निंबोळी अर्कही पंपात मिसळू नका; हवं तर चार-पाच दिवसांच्या अंतरानं वेगळा मारा.

पाकीट घेताना

या बुरशांची विक्री १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, बुरशीचं पूर्ण नाव, एका ग्रॅममधली जिवंत बीजाणूंची संख्या (१.१५ टक्के पावडरीत किमान १×१०⁸, म्हणजे दहा कोटी), बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असायलाच हवी. बनवल्याची तारीख जितकी जवळची तितकं बरं. मुदत संपायला दोन महिने राहिलेलं, उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडलेलं पाकीट कागदावर चालू असलं तरी आत बहुतेक मेलेलं असतं. विरजण जुनं झालं की दही लागत नाही, तसंच हे. घरी आणल्यावर थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. खत आणि कीटकनाशकांच्या खोलीत नको. आणि बिल घ्या.

अजून एक खूण सांगतो. जैविक म्हणून दिलेल्या औषधानं दुसऱ्या सकाळीच सगळे किडे उलटे पडले, तर खूश होऊ नका. बुरशी इतक्या लवकर मारूच शकत नाही. त्यात बहुधा रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं आहे. असे प्रकार बाजारात होतात आणि सेंद्रिय म्हणून माल विकणाऱ्याचं त्यात सर्वाधिक नुकसान होतं. बिल आणि उरलेलं पाकीट घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा.

घरच्या घरी ड्रममध्ये गूळ-पाणी घालून बुरशी वाढवायचे सल्ले मोबाइलवर फिरतात. मी त्याच्या विरोधात आहे. निर्जंतुक न केलेल्या गुळाच्या पाण्यात दोन दिवसांत यीस्ट आणि जिवाणू माजतात. ड्रमला वास येतो, फेस येतो, पण त्यात मेटारायझियम किती उरली हे कुणालाच माहीत नसतं. त्याऐवजी आपल्या जिल्ह्याकडे एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे राइस मिलची कणी. ही बुरशी तांदळाच्या कणीवर उत्तम वाढते. बचत गटानं किंवा शेतकरी गटानं स्वतःच्या वापरापुरतं करायचं असेल तर कणी धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून उष्णता सोसणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्यांत अर्ध्यापर्यंत भरा, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि प्रेशर कुकरमध्ये पूर्ण वाफेवर अर्धा ते पाऊण तास ठेवा. थंड झाल्यावर, हात स्पिरिटनं पुसून, पेटत्या दिव्याजवळ विद्यापीठातून आणलेलं शुद्ध मातृवाण त्यात घाला. २५ ते २८ अंशांत, उन्हापासून दूर, बारा ते पंधरा दिवस ठेवा आणि पहिले काही दिवस रोज पिशवी हलवा, म्हणजे गोळा होत नाही. मेटारायझियमची कणी आधी पांढरी होते, मग हिरवी. पांढरी पाहून फेकू नका. पण काळी, गुलाबी, पिवळी बुरशी किंवा आंबट वास आला तर ती पिशवी न उघडता उकळत्या पाण्यात घालून नष्ट करा. काळ्या-पिवळ्या बुरशा माणसालाही घातक असू शकतात. पहिल्या वेळचा एक नमुना तपासून घेतल्याशिवाय शेतात नेऊ नका. आणि नोंदणीशिवाय विकायला तर मुळीच काढू नका.

तलाव, कोसा आणि आपण

बांधीतलं पाणी शेवटी बोडीत नाहीतर तलावात जातं, आणि तलावात मच्छीमार संस्थांनी सोडलेलं मत्स्यबीज असतं. पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत घातक आहे. या बुरशा शिफारशीच्या मात्रेत माशांना अपाय करत नाहीत. तलावाच्या वरच्या अंगाला बांध्या असलेल्यांनी बुरशीकडे वळावं यासाठी एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

कोशाच्या बाबतीत मात्र उलट काळजी घ्यावी लागते. बिव्हेरियाचा शोधच मुळी रेशीमकिड्यांच्या रोगातून लागला. इटलीत अगोस्तिनो बासी यानं १८३५ मध्ये दाखवून दिलं की रेशीमकिडे पांढरे होऊन मरतात ते एका बुरशीमुळं. पुढं त्याच्या नावावरूनच तिला बिव्हेरिया बॅसियाना म्हटलं गेलं. रेशीमकिडा हाही शेवटी कीटकच. भंडारा टसर रेशमाचा जिल्हा आहे, मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे विणकर कोशावर जगतात, आणि जंगलालगत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवल्या जातात. अशा झाडांशेजारी बांधी असेल तर तिथं बिव्हेरिया किंवा मेटारायझियम फवारू नका, निदान वारा झाडांकडे वाहत असताना तरी नाही. संगोपन करणाऱ्यांना आधी कळवा. फवारणीचे कपडे आणि पंप घेऊन त्या झाडांखाली जाऊ नका.

फवारणाऱ्याच्या बाबतीत ही बुरशी रसायनापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली, ते विदर्भ विसरलेला नाही. तरीही पावडर कालवताना नाका-तोंडाला मास्क बांधा. बीजाणूंची धूळ काहींना ॲलर्जी देते. दमा असलेल्यानं हे काम दुसऱ्याला द्यावं.

जगात हे तंत्र बाल्यावस्थेत आहे असं नाही. ब्राझीलमध्ये लाखो हेक्टर उसावर मेटारायझियम वापरली जाते. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचा थवा भंडाऱ्यापर्यंत आला होता. त्याच वर्षी सोमालियात टोळांवर मेटारायझियमच्याच दुसऱ्या जातीचे बीजाणू तेलात मिसळून मारले गेले, कारण कोरड्या हवेत तेल बीजाणूला सांभाळतं. आपल्या बांधीत तेलाची गरज पडत नाही.

या खरिपात सगळ्या शेतावर एकदम जाऊ नका. तुडतुड्यांची नेहमीची तक्रार असलेली एक बांधी निवडा, तिथं वर सांगितल्याप्रमाणं दोन फवारण्या करा, शेजारच्या बांधीत नेहमीचं औषध मारा, आणि दर आठवड्याला दोन्हींतले वीस-वीस चूड मोजून वहीत लिहा. मेटारायझियमची मागणी जुलैतच, रोवणी चालू असताना, साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा ओळखीच्या कृषी केंद्राकडे नोंदवून ठेवा. सप्टेंबरात धावपळ केली की हाती पडतं ते मागच्या वर्षीचं पाकीट.